कळमनुरीच्या नाक्यावरून फिरलेले टेंपो

डोंगरकड्याच्या बसस्टँडसमोर माझा एस.टी.डी. बूथ होता. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेला, त्यामुळं घरच्या मेंढरांमागं हिंडणं मला जमणार नव्हतं. अठ्ठ्याण्णव साली बूथ मिळाला आणि मी त्या काचेच्या खोक्याशेजारी खुर्ची टाकून बसलो. गावातली निम्मी सुखदुःखं माझ्या कानावरून गेली. बरीचशी विसरलो. चतुरामावशीची गोष्ट मात्र विसरता येत नाही, कारण तिच्यात माझाही हात आहे.

चतुरामावशी बौद्धवाड्यातली. तिचा नवरा खेमा गवंडीकाम करायचा. भिंत अशी सरळ उभी करायचा की दोरी लावायचं काम नाही. पण हातभट्टीच्या नादी लागला आणि त्र्याण्णव साली पोट फुगून, डोळे पिवळे होऊन गेला. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आम्ही परभणीत मोडायचो. परभणीच्या दवाखान्यातून मावशीनं त्याला घरी आणलं ते झाकूनच. एकुलता एक मुलगा प्रमोद तेव्हा बारा वर्षांचा होता.

तीन वर्षांनी मावशीनं अकरा बायका गोळा केल्या आणि ओढ्याकाठच्या दोन्ही भट्ट्या मोडल्या. मडकी फोडली, सडलेल्या गुळाचं रसायन ओढ्यात ओतलं. नंतर महिनाभर त्या बायका रोज संध्याकाळी ओढ्याच्या वाटेवर बसून राहायच्या. भट्ट्या परत पेटल्या नाहीत. तेव्हापासून गावातली मोठमोठी माणसंसुद्धा बाहेरून पिऊन आली तर तिच्या घराची गल्ली टाळून जायची.

पोटासाठी ती लग्नाचा स्वयंपाक करायची. सोबत भिकाबाई आणि रूपाबाई. सुरुवातीला बौद्धवाड्यातली लग्नं आणि चौदा एप्रिलचं जेवण, पुढं आमच्यासारख्या मेंढरंवाल्यांच्या घरची मटणाची कामंही तिच्याकडं आली. तिच्या हातच्या सुक्या मटणाला तोड नव्हती. पण लग्नात पोरं पिऊन आली असं कळलं की ती चुलीतली लाकडं ओढून घ्यायची. "आधी ह्यास्नी घरी धाडा, मग रांधते," म्हणायची. आणि लोक धाडायचे. दरवेळी तीच बरोबर ठरायची. सारखं बरोबरच ठरत गेलं की माणूस थांबून विचारायचं विसरतो. हे मला आता कळतं. तेव्हा मला तिचा नुसता अभिमान वाटायचा.

प्रमोद परभणीला शेतीचं शिकला आणि नाशिकच्या बाजूला द्राक्षबागेवर नोकरीला लागला. मावशी सगळ्यांना सांगायची, "माझा प्रमोद द्राक्षाच्या मळ्यावर साहेब हाय." ते खरंच होतं. त्या मळ्याच्या द्राक्षांची वाईन होते, हे त्यानं तीन वर्षांत आईला सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं, कारण एकदा त्यानंच फोनवर सांगितलं होतं आणि वर म्हणाला होता, "अंगददादा, सावकाश सांगतो मी तिला. घाई नको."

दोन हजार पाचच्या दिवाळीत त्यानं लग्नाचं काढलं. मुलगी आकांक्षा, त्याच कंपनीत प्रयोगशाळेत कामाला. वडील अमृतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि हिंगोलीच्या अलीकडं, कळमनुरी रस्त्यावर, स्वतःच्या शेतात घर बांधून राहिलेले. माणसं मावशीच्या समाजातलीच होती. मावशीनं एका भेटीत होकार दिला. त्या भेटीत मावशीनं केलेलं सुकं मटण आकांक्षानं तीनदा मागून घेतलं आणि हात धुता धुता म्हणाली, "आई, आमच्या रिसेप्शनला सगळं खाणं तुमच्या हातचं असलं तर?"

तिथून ते सुरू झालं. लग्न विहारात मोजक्या माणसांत लावायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अमृतरावांच्या शेतात सगळ्यांना बोलवायचं, असं ठरलं. फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असताना. दर रविवारी अकरा वाजता आकांक्षाचा फोन माझ्या बूथवर यायचा आणि मावशी साडेदहालाच येऊन बाकावर बसायची. बूथचं दार लावलं की तिला गुदमरायचं, म्हणून ती दार उघडंच ठेवून बोलायची. मोठ्यानं. पलीकडचं बोलणंही मला ऐकू यायचं.

पहिल्याच फोनवर आकांक्षानं सांगितलं, "आई, पंगत बसवायची नाही. नुसते स्टार्टर ठेवू."

"ते काय असतंय?"

"जेवणाच्या आधी खातात ते. छोटे छोटे पदार्थ. लोक उभ्यानं, गप्पा मारत खातील."

"अन् जेवण?"

"जेवण नाहीच. हेच."

मावशी म्हणाली, "हे बघ पोरी, डोंगरकड्याहून दोन टेंपो भरून माणसं येतील. त्यास्नी हातात चिवडा देऊन वापस धाडलं तर मला गावात राहता येनार न्हाई."

आकांक्षा हसली. "मग पोट भरेल असे करू या. तुम्ही सांगा काय काय करता येईल."

आणि मावशी सांगत गेली. पुरीएवढ्या ज्वारीच्या भाकऱ्या, वर ठेचा आणि सुक्या मटणाचे दोन तुकडे. खिम्याचे गोळे. काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेली कलेजी. इसापूर धरणातल्या मासळीचे तळलेले तुकडे. न खाणाऱ्यांसाठी तुरीच्या सोल्यांचे, म्हणजे ओल्या दाण्यांचे, वडे आणि आमच्याकडच्या कच्च्या केळीचे तिखट काप. मी एका वहीत उतरवून घ्यायचो, कारण मावशीला सही करण्यापुरतंच लिहिता यायचं. एक पदार्थ ठरवायला एकेक रविवार जायचा. भाकरी थंड झाल्यावर चिवट होते, तिला काय करायचं? मावशीनं घरी चार वेळा करून पाहिलं. पिठात थोडं उडदाचं पीठ घातलं की दोन तास मऊ राहते, हे तिनं असं शोधून काढलं आणि रविवारची वाटसुद्धा पाहिली नाही. मंगळवारीच येऊन म्हणाली, "लाव फोन नाशिकला."

मी मावशीला इतकं खुशीत आधी कधी पाहिलं नव्हतं. खेमा गेल्यापासून तिचं बोलणं म्हणजे हुकूम किंवा भांडण. आता ती फोनवर हसायची. आकांक्षा तिला विचारायची, ऐकायची, कधी वादही घालायची. एकदा म्हणाली, "आई, लालबरोबर मटण आणि खिमा जाईल, पांढऱ्याबरोबर मासळी आणि वडे. आणि तिखट जरा बेतानं, नाहीतर चव मारली जाते."

मावशीला वाटलं लाल आणि पांढरी द्राक्षं. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "टेबलावर द्राक्षाचे घड मांडून राहिली ती. लाल येगळे, पांढरे येगळे. पोरीला हौस हाय." मला कळलं होतं कशाबद्दल चाललंय ते. मी मान डोलावली.

जानेवारीच्या शेवटी पत्रिका आल्या. जाड कागद, जांभळी अक्षरं, कोपऱ्यात द्राक्षाचा घड आणि त्याच्यामागं अर्धवट दिसणारा एक उंच पेला. मावशीनं पत्रिका दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. "वाच."

वर लिहिलं होतं, "द्राक्षांच्या हंगामातली एक संध्याकाळ." आणि त्याच्याखाली, "आमच्या बागेतली वाईन आणि आईच्या हातचं भरपेट खाणं." आदल्याच दिवशी प्रमोदचा फोन येऊन गेला होता. "दादा, ती खालची ओळ आईला वाचू नको. मी लग्नाआधी समोरासमोर सांगणार आहे. आकांक्षाला वाटतं मी सांगितलंय. तेवढी ओळ गाळ."

मी ती गाळली. "द्राक्षांच्या हंगामातली एक संध्याकाळ, आईच्या हातचं भरपेट खाणं," असं वाचलं. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं नाव छापलं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "नाव न्हाई, पर आई म्हणून छापलंय." गावातल्या पत्रिका तिनं स्वतः वाटल्या. वाचता येणाऱ्या दोघातिघांच्या ती ओळ लक्षात आली असणार. एकानं मला हळूच विचारलंही. पण मावशीला विचारायची कुणाची छाती नव्हती. ज्याला त्याला वाटलं, चतुराबाईला माहीत असल्याशिवाय का छापलं असेल.

शनिवारी विहारात लग्न लागलं. बुद्धवंदना झाली. नवरानवरीनं पंचशील घेतलं, त्यातलं पाचवं मद्यापासून दूर राहण्याचं. रूपाबाईनं मला नंतर सांगितलं की ते म्हणताना प्रमोदची मान खाली होती. मावशी पहिल्या ओळीत पांढऱ्या साडीत बसली होती आणि आवाज चढवून म्हणत होती. त्या रात्रीही प्रमोदनं आईला काही सांगितलं नाही.

रविवारी पहाटेपासून तिघी बायका शेतातल्या चुलींपुढं होत्या. मांडव नेहमीसारखा लाल-पिवळा नव्हता, जांभळा आणि हिरवा होता. गावाकडच्या माणसांसाठी आकांक्षानं खुर्च्या आणि बुटकी टेबलं वेगळी मांडून घेतली होती, कारण मावशी म्हणाली होती की म्हातारीकोतारी उभ्यानं खाणार नाहीत. दुपारी आकांक्षा चुलीपाशी येऊन बसली, खिम्याचे गोळे वळायला लागली. मावशीनं तिला उठवलं. "हाताची मेंदी खराब होईल. जा, तयार व्हय."

चारच्या सुमाराला नाशिकची गाडी आली. दोन माणसांनी खोकी उतरवली आणि टोपल्यांत बर्फ भरून त्यात बाटल्या लावायला सुरुवात केली. मावशी खिम्याचं पातेलं झाकून तिथं गेली.

"काय हाय हे? शरबत?"

तो माणूस हिंदी बोलणारा होता. "वाइन है माँजी."

"वाइन म्हंजे?"

"अंगूर की शराब."

रूपाबाई सांगायची की मावशीनं एक बाटली उचलली, नाकाशी नेली. बूच बंद होतं, वास कुठून येणार. तिनं बाटली परत बर्फात ठेवली आणि प्रमोदला हाक मारली. तो आला तेव्हाच त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

"किती दिस झाले रे हे?"

"आई, कंपनीच वाईनची आहे. मी सांगणार होतो."

"तू दारूच्या कारखान्यात हायेस?"

"ही तशी दारू नाही, आई. लोक जेवताना घोटभर घेतात. कुणी पडत नाही, कुणी कुणाला मारत नाही."

"तुझा बाप बी आधी घोटभरच घेत व्हता."

तेवढ्यात आकांक्षा बाहेर आली. अर्धी तयार, एका कानात झुमका. तिनं मावशीकडं पाहिलं, प्रमोदकडं पाहिलं. "आई, तुम्हाला माहीत नव्हतं?"

मावशीला ते नाटक वाटलं. तीन महिने दर रविवारी बोलणारी पोरगी, लालबरोबर हे आणि पांढऱ्याबरोबर ते सांगणारी. आता तिला त्या बोलण्याचा अर्थ लागला होता आणि तो तिला सहन झाला नाही. "चखणा करून घेतला माझ्याकडून," ती म्हणाली. "तीन महिने मला आई आई म्हणून दारूसंगं खायचा चखणा करून घेतला. अन् मी भाकरी मऊ राहावी म्हणून उडीद दळत बसले."

"आई, थांबा. मी आत्ता—"

ती थांबली नाही. हात धुतले, पदर खोचलेला सोडला, पिशवी उचलली. भिकाबाई आणि रूपाबाई तिच्यामागं निघाल्या. निखाऱ्यावरची कलेजी तशीच राहिली. रस्त्याला येऊन तिघींनी कळमनुरीकडं जाणारी काळीपिवळी जीप पकडली. मागं आकांक्षा शेताच्या बांधापर्यंत धावत आली होती. रूपाबाईनं वळून पाहिलं होतं. मावशीनं नाही.

आम्ही तेव्हा कळमनुरीच्या नाक्यावर पोहोचत होतो. दोन टेंपो, पंच्याऐंशी माणसं. पुढच्या टेंपोत मी ड्रायव्हरशेजारी, माझ्यामागं पांढरा फेटा बांधलेले मुंजाजी आप्पा, गावातलं सगळ्यात जुनं माणूस. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. आहेराची भांडी कागदात गुंडाळून मांडीवर घेतली होती. नाक्यावर मावशी रस्त्याच्या मधोमध उभी राहून हात करत होती. आम्हाला वाटलं, काही आणायचं राहिलं असेल.

टेंपो थांबले. ती जवळ आली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं सगळे एकदम गप्प झाले.

"तिथं दारू हाय," ती म्हणाली. "माझ्या पोरानं ठिवली हाय. ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं. मी वापस चालले."

मुंजाजी आप्पानं विचारलं, "प्रमोदला बोललीस का?"

"काय बोलायचं राहिलं आता?"

आप्पानं पुन्हा विचारलं, "सूनबाई काय म्हणती?"

मावशी उत्तर न देता मागच्या टेंपोच्या फळीला धरून वर चढायला लागली. मागच्या बायकांनी तिला हात दिला. कुणी उतरलं नाही, कुणी पुढं चला म्हणालं नाही. पत्रिका माझ्या खिशात होती. मी एवढंच म्हणायला हवं होतं की मावशी, पोरीची चूक नाही, तिला वाटत होतं तुला माहीत आहे. चूक प्रमोदची आणि माझी. जीभ उचलली नाही. ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं आणि मी हातानंच खूण केली, फिरव. दोन्ही टेंपो नाक्यावर वळवले. ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. वारंगाफाट्यावर थांबून आम्ही पोरांना वडापाव घेऊन दिला.

आठवड्यानं प्रमोदचा फोन आला. "आम्ही नाशिकला पोचलो, तेवढं सांग तिला." मी आईला बोलावू का विचारलं. त्यानं फोन ठेवला.

दिवाळीत एका रविवारी, बरोबर अकरा वाजता, आकांक्षाचा फोन आला. "अंगददादा, आईंना बोलवाल का? मला त्यांच्याशी एकदाच बोलायचंय." मी माणूस पाठवला. मावशीनं निरोप धाडला, "शेतात गेली म्हण." मी तसंच म्हटलं. ती म्हणाली, "बरं. त्यांना विचारायचं असेल तेव्हा विचारतील," आणि परत फोन आला नाही.

त्याच साली दारूबंदीला दहा वर्षं झाली म्हणून गावानं मावशीचा सत्कार केला. शाल, नारळ, फोटो. भाषण करणाऱ्यानं भट्ट्या मोडल्याचं दोन वाक्यांत उरकलं आणि टेंपोचंच सांगत बसला. स्वतःच्या पोराच्या लग्नातून, शिजलेलं अन्न सोडून ही माउली परत आली, असं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी ताठ बसली होती. त्या दिवसापासून ती गोष्ट जिल्हाभर झाली. साखऱ्यापासून शिरड शहापूरपर्यंत बायकांच्या बैठकांत तिला बोलवायला लागले आणि दर ठिकाणी तीच गोष्ट. दोन हजार आठ साली नातीचा जन्म झाल्याचं कार्ड आलं, नाव राजनंदिनी. मी वाचून दाखवलं. तिनं ते घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि विचारलं, "फोटो न्हाई धाडला?" फोटो नव्हता.

दोन हजार नऊच्या पावसाळ्याआधी अमृतराव केळीची रोपं न्यायला डोंगरकड्याला आले. तोवर माझा बूथ जाऊन मोबाईल रिचार्जचं दुकान झालं होतं. त्यांनीच मला विचारलं, "चतुराबाईंचं घर कुठं?" मी म्हणालो, बसा, बोलावतो. यावेळी मावशी आली. वय झालेला माणूस दारात आलाय म्हटल्यावर तिला नाही म्हणता आलं नाही.

चहा झाला. रोपांचं, पाण्याचं बोलणं झालं. मग अमृतराव सहज, राग नसलेल्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशीचं सुकं मटण माझ्या अजून तोंडात आहे बघा. चुलीवर काय होतं नव्हतं ते आकांक्षानंच उतरवून वाढायला लावलं."

मावशी म्हणाली, "दारूसंगं ग्वाड लागलं असंल."

अमृतराव म्हणाले, "कुठली दारू? एक बाटली उघडली नाही त्या दिवशी. तुम्ही रस्त्याला लागलात आणि पोरीनं सगळी खोकी गाडीत परत भरायला लावली. अर्धा तास लागला. प्रमोद मध्ये बोलायला गेला, त्याला म्हणाली, आईला फसवून मला संसार सुरू करायचा नाही. नाशिकच्या पाहुण्यांना लिंबूपाणी दिलं. कंपनीचा मालक होता, त्यानंही ते घेतलं."

मावशीनं रिकामा कप खाली ठेवला.

"तुमच्या माणसांची टेबलं तिनं कुणाला वापरू दिली नाहीत," अमृतराव पुढं म्हणाले. "म्हणाली, आई रागानं गेल्यात, पण टेंपो तर येतीलच, आणि लोक आले म्हणजे आईही येतील. मी मोटारसायकलवर गडी पाठवला तुम्हाला सांगायला. तो कळमनुरीला पोचला तेव्हा तिथं कुणी नव्हतं. पोरगी शालू नेसून आठ वाजेपर्यंत गेटपाशी उभी होती."

"तुमी सांगितलं काहून न्हाई?" मावशीचा आवाज मला ओळखू आला नाही.

"ती म्हणायची, मी सांगेन. फोनही केला होता म्हणे तिनं. तुम्ही शेतात होता."

मावशीला स्वतःचं शेत नव्हतं. अमृतरावांना ते माहीत नसावं. आकांक्षाला माहीत होतं.

अमृतराव गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं आणि मावशीला पत्रिकेचं सांगितलं. गाळलेल्या ओळीचं, प्रमोदच्या फोनचं, सगळं. ती ऐकत राहिली. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. मी त्यासाठीच सांगत होतो बहुतेक.

"तू वाचलं असतंस तर मी तवाच भांडले असते," ती म्हणाली. "आन् त्या पोरीनं तवाच बदललं असतं. महिनाभर आधी."

"व्हय मावशी."

"पर टेंपो मी फिरवले. आप्पानं इचारलं व्हतं, सूनबाई काय म्हणती. मला ठावं नव्हतं सूनबाई काय म्हणती. मी ऐकलंच नव्हतं." ती उठली. दारात थांबून म्हणाली, "पंच्याऐंशी माणसं, अंगद. एकालाबी पाठवलं असतं बघायला."

त्या पावसाळ्यात तिनं बैठकांना जाणं बंद केलं. एका गावच्या बायका न्यायला आल्या, तेव्हा ती म्हणाली, "तिथं दारू नव्हती. ती गोष्ट सांगू नका." बायकांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं म्हातारी थकली. गोष्ट लोक सांगतच राहिले, आजही सांगतात.

डिसेंबरात ती मला घेऊन नाशिकला गेली. दिंडोरीच्या पुढं, मळ्याच्या कडेला कंपनीचं दोन खोल्यांचं घर. दार आकांक्षानं उघडलं. तिनं वाकून नमस्कार केला, पाणी आणलं, माझ्या पायाखाली पाट सरकवला. कुठं काही कमी नव्हतं. दीड वर्षाची पोर तिच्या पदराआड उभी राहून आमच्याकडं पाहत होती. मावशीनं हात पुढं केला, ती आली नाही.

"लाजते," आकांक्षा म्हणाली. "नवी माणसं दिसली की असंच करते."

मावशी खाली बसून होती. तिनं कसली प्रस्तावना केली नाही. "मी चुकले, आकांक्षा. मला तुझ्या वडलांनी सांगितलं. मी थांबायला पायजे व्हतं."

आकांक्षानं पोरीचे केस सारखे केले. "मी नाही रागावलेले, आई. प्रमोदचंच चुकलं होतं, त्यानं ते कबूलही केलंय. मला फक्त एक वाटतं कधी कधी. त्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. म्हटलं, संध्याकाळी तुमच्यासोबत बसून पहिला घास खायचा."

"मंग खाल्लंस का?"

"नाही. सगळ्यांना वाढलं. नंतर इच्छा झाली नाही."

मावशी लगेच उठली. "आता करते. ज्वारीचं पीठ आणलंय संगं. घंटाभरात करते."

"आज नको, आई," आकांक्षा हळूच म्हणाली. "स्वयंपाक झालाय. तुम्ही प्रवासानं दमला असाल." तिच्या आवाजात राग नव्हता. मावशी पिशवी हातात धरून थोडा वेळ उभी राहिली आणि परत बसली.

संध्याकाळी प्रमोद आला. आईच्या पाया पडला. म्हणाला, "आलीस, बरं झालं." नोकरीबद्दल तिनं विचारलं नाही, त्यानंही काढलं नाही. दोन दिवस आम्ही राहिलो. वरण, भात, पोळ्या, भाजी, सगळं आकांक्षानं केलं. मावशीला तिनं ओट्याशी उभं राहू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी राजनंदिनी आजीच्या पाटलीशी खेळत थोडी जवळ बसली, तेवढंच.

आता आकांक्षाचा दर रविवारी मोबाईलवर फोन येतो. तब्येत विचारते, गुडघ्याला तेल लावता का विचारते, पोरीला आजी म्हणायला लावते. मावशी व्हय व्हय म्हणते. फोन संपला की मी विचारतो, काय म्हणत होती? "चांगलं हाय सगळं," ती सांगते. मग जरा वेळानं, मी काही विचारलेलं नसतानाच, पुढं म्हणते, "खान्याचं काय इचारलं न्हाई."